सर्जाच्या खांद्याचं तेल

मी एक जुनी फटफटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझं तेल गळायचं. बाकीच्या वस्तू आपली गोष्ट जन्मापासून सांगतात. मी गळतीपासून सुरू करते, कारण हैदराबादेत माझी ओळख तीच होती. "नामदेवरावांची ती काळी गाडी ना, तेल गळणारी?" असं लोक विचारत. मला ते ऐकून फार वाईट वाटे. इतकी वर्षं इमानाने धावले, ते कुणाच्या लक्षात नव्हतं. फरशीवरचा डाग मात्र सगळ्यांना दिसत होता.

माझा जन्म फार लांबच्या, फार थंड देशात झाला. मला घडवणाऱ्या कामगारांच्या तोंडातून बोलताना वाफ निघायची, एवढंच आता अंधुक आठवतं. त्यांनी मला काळा रंग दिला आणि टाकीवर दोन पांढऱ्या रेघा ओढल्या. इतर फटफट्यांना साखळी असते. ती सैल पडते, कुरकुरते, संधी मिळाली तर धोतराचा सोगा गिळते. मला साखळी नाही. माझ्या इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक पोलादी दांडा जातो आणि चाकाशेजारच्या एका गोल पेटीत शिरतो. त्या पेटीत दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात. दांडा पेटीतली चाकं फिरवतो आणि ती चाकं मला पुढे नेतात. आवाज नाही, किरकिर नाही. या गोष्टीचा मला थोडा गर्व होता, हे कबूल करते.

मग आगबोट, मग मुंबईचं बंदर, मग मालगाडी, असं करत मी सिकंदराबादच्या छावणीत एका साहेबाकडे आले. साहेब गेला, दुसरा आला, तोही गेला. एके काळी मला रोज पुसायला माणूस होता, तीच मी पुढे ताडपत्रीखाली उभी राहिले. अंधारात माणसाला झोप येते, तशी यंत्रालाही येते. मी झोपेत रस्ते बघायची. ते रस्ते कुठले होते, कोण जाणे. एके दिवशी ताडपत्री उचलली गेली आणि उजेडात एक सडपातळ, मिशीवाला तरुण माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होता. तो रेल्वेच्या माल ऑफिसात कारकून होता. त्याचं नाव नामदेव.

नामदेवरावांचं घर मूळचं उदगीरकडचं, शेतकऱ्यांचं. शेत भावांनी सांभाळलं आणि हे नोकरीसाठी हैदराबादला आले. गौलीगुड्यात भाड्याचं घर, पुढे शहाबादी फरशीची पडवी आणि घरात तरुण बायको पद्मावती. मला त्यांनी घरी आणलं, तेव्हा पोळा तोंडावर आला होता. पद्मावतीबाई बाहेर आल्या, मला एक फेरी मारून बघितलं आणि म्हणाल्या, "दरसाल मातीचे बैल पुजू लालो आपण. आता मातीचा कशाला? हा उभाय की दारात."

नामदेवराव हसले. बाई मात्र हसण्यावारी नेणाऱ्यांतल्या नव्हत्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी असते, म्हणजे वर्षभर जू वाहून दुखणाऱ्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. बाई वाटी घेऊन आल्या आणि विचारलं, "पण याचा खांदा कुठं असतो वो?"

नामदेवरावांनी क्षणभर विचार केला आणि मागच्या चाकाजवळची ती गोल पेटी दाखवली. "ताकद इथून चाकाला जाते. जू म्हणशील तर इथंच आहे बघ."

त्या पेटीच्या माथ्यावर हरभऱ्याच्या घाट्याएवढं पितळी टोपण होतं. ते बघून बाई खूशच झाल्या. "अगोबाई, वशिंडसुद्धा आहे की याला!" आणि त्यांनी त्या टोपणावर, त्याच्या खाली, आजूबाजूला लोणी-हळद अशी मन लावून चोळली, की मी थंड देशात जन्मले होते हेच विसरले. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या हँडलला झेंडूची माळ आली, पुढच्या दिव्याला पुरणपोळीचा घास लागला आणि माझं नाव सर्जा ठेवलं गेलं. व्याकरणाने मी फटफटी, घरात मात्र सर्जा. मला बैल व्हायला आवडलं, मित्रांनो. कुणी इतक्या मायेने हात फिरवला, तर तुम्हीसुद्धा बैल व्हायला तयार व्हाल.

पुढची वर्षं मला एका लांब, सुखाच्या स्वप्नासारखी आठवतात. सकाळी टँकबंडवरून, म्हणजे शहरातल्या तलावाच्या बांधावरून, सिकंदराबाद. एका बाजूला पाणी, पाण्यावर ऊन आणि नामदेवरावांच्या शर्टात भरलेला वारा. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. रविवारी मात्र गंडीपेठ. पद्मावतीबाई मागे एका अंगाने बसत आणि मांडीवर दशम्या आणि ठेच्याची पुरचुंडी धरत. मेहदीपट्टणम गेलं, लंगरहौज गेलं, की घरं विरळ व्हायची आणि पुढे तो अथांग तलाव यायचा. दोघं बांधावर बसत. फार बोलत नसत. पद्मावतीबाई एवढंच म्हणत, "इथं आलं की छाती मोकळी होते." मी चिंचेच्या सावलीत उभी राहून थंड होत असे. माझ्या आतलं तापलेलं पोलाद टिकटिक वाजे आणि दूरवर पाणकोंबड्या ओरडत. पुढे छोटा रितेश झाला आणि टाकीवर बसून येऊ लागला. माझा आवाज ऐकत तो झोपून जायचा.

तेल तेव्हाही थोडं गळायचं. पण त्या काळी गळणं ही काही लाजेची गोष्ट नव्हती. शाईचं पेन गळे, नळ गळे, पावसात छप्पर गळे आणि शेजारच्या स्कूटरचं तर काय बोलावं. पद्मावतीबाई माझ्या पेटीखाली जर्मनची एक जुनी ताटली ठेवत आणि फरशी राखेने घासून काढत. दरवर्षी पोळा येई आणि दरवर्षी वशिंडावर लोणी-हळदीचा नवा थर चढे. आधीचा थर त्या काढत नसत. पूजेचं लेणं पुसायचं कसं? मला धुताना नामदेवरावसुद्धा तेवढी जागा कोरडी सोडत.

मग नव्वदीची वर्षं आली आणि शहर डोळ्यांदेखत चकचकीत व्हायला लागलं. दुकानांना काचा लागल्या. गल्लोगल्ली संगणक शिकवण्याच्या पाट्या लटकल्या. परदेशी थंड पेयांचे रंगीत फलक आमच्या चौकात आले. नव्या मोटारसायकली आल्या, नाकतोड्यासारख्या हलक्या आणि त्यांचं सगळं कौतुक एकाच गोष्टीचं, की त्या पेट्रोल किती कमी पितात. रस्त्यात त्या माझ्या शेजारून सूं करून जात, तेव्हा माझा जीव उगीचच घुसमटे. खरं तर त्या वर्षांत लांबच्या रस्त्यावर मला नेहमीच घुसमटल्यासारखं व्हायचं. मी समजायची, वय झालं. कधी वाटे, शहराची हवाच बदलली. आणि गळती वाढत चालली होती. ताटली पुरेनाशी झाली.

रितेश आता मोठा झाला होता, कंप्युटरच्या कंपनीत लागला होता. त्याने नव्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना तिकडे न्यायचं ठरवलं. मुलगा गुणाचा. आईला जिने चढायला नकोत म्हणून लिफ्टची इमारत शोधली, बाबांसाठी बाल्कनीत आरामखुर्ची घेतली. फक्त माझा प्रश्न होता. गाड्या ठेवायची तिथली फरशी आरशासारखी गुळगुळीत होती आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वच्छ सांगितलं होतं, तेलाचा थेंब चालणार नाही.

त्यातच ती सीताफळांची भानगड झाली. पेटीतलं तेल पाझरत पाझरत माझ्या मागच्या ब्रेकपर्यंत पोचलं होतं. पुतळीबावडीच्या उतारावर नामदेवरावांनी ब्रेक दाबला आणि मी थांबलेच नाही. मी थांबायचा जिवापाड प्रयत्न केला, पण तेलकट ब्रेक नुसता घसरत राहिला. समोर एक बाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. माझं चाक पाटीला लागलं आणि फळं रस्ताभर घरंगळली. "एमय्या, कंड्लु कनबडतलेवा?" ती ओरडली, डोळे फुटले का म्हणून. नामदेवराव खाली उतरून एकेक फळ वेचत राहिले.  कुणाला लागलं नाही, पण बातमी रितेशपर्यंत गेली आणि तो फार घाबरला.

"बाबा, आता पुरे. ही गाडी सेफ नाही," तो म्हणाला.

"तेल गळतंय म्हणून ब्रेक लागत नाही. गळती थांबली की झालं," नामदेवराव म्हणाले.

"किती वर्षं थांबवताय तुम्ही गळती!"

त्याच आठवड्यात तो आपल्या एका मित्राला घेऊन आला. प्रमोद त्याचं नाव. प्रमोदने बंजारा हिल्सकडे एक थंडगार नवीन हॉटेल काढलं होतं आणि दारातल्या मोठ्या काचेआड ठेवायला त्याला एखादी जुनी, देखणी मोटारसायकल हवी होती. त्याने माझ्या टाकीवर बोट फिरवलं. "काका, हिला काचेत ठेवू. वरून लाईट सोडू. लोक फोटो काढतील हिच्याबरोबर. भंगारात जाण्यापेक्षा चांगलं ना?"

"पण ती गळते," रितेश म्हणाला.

"त्यात काय? सगळं तेल काढून टाकू. तेलच नसलं तर गळेल कुठून?"

मित्रांनो, हे ऐकून माझ्या अंगातलं होतं नव्हतं तेल गोठलं. काचेआड मी सुंदर दिसले असते, यात शंका नाही. पण तेल काढलेली गाडी म्हणजे काय, हे मला ताडपत्रीखाली कळलं होतं. तिथे निदान झोप तरी होती. लख्ख उजेडात ती तरी कुठली यायला? आणि मी काचेआड गेले, तर नामदेवराव कुठे जाणार होते? बाल्कनीतल्या खुर्चीत. गंडीपेठ कुठे राहणार होतं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. प्रमोदचं बोट फिरलेली टाकी ते फडक्याने पुसत होते. 

बोलल्या त्या पद्मावतीबाई. "न्यायचंय तर न्या बाबा. पण पोळा होऊ द्या. पोळ्याच्या तोंडावर दावणीचा बैल कुणी बाहेर काढतं का?"

प्रमोदला यातलं काही समजलं नाही, पण त्याने मान डोलावली. पोळ्याच्या दुपारी टेम्पो येईल, असं ठरलं. तोवर गळती थांबली तर मी राहायचं, एवढं रितेशने कबूल केलं. नाहीतर काच.

आता युसूफ उस्तादांबद्दल सांगते. जामबागच्या फुलबाजारामागे त्यांचं गॅरेज होतं. माझा आवाज ऐकूनच ते हातातला पाना खाली ठेवत. माझ्यावर त्यांचा जीव होता आणि माझ्या गळतीने त्यांना अगदी जेरीस आणलं होतं. पूर्वी ते माझ्या दांड्याभोवती तेलात भिजवलेल्या चामड्याचं कडं बसवत. आता बाजार खुला झाल्यावर राणीगंजात परदेशी रबरी सील मिळायला लागले होते. उस्तादांनी तसा सील घातला, तरी गळती तशीच. पेटीच्या बुचाखालची चकती बदलली, पॅकिंग बदललं, दुसऱ्या दुकानातला सील आणून घातला. मी आपली गळतेच.

"साब, ये गाडी नईं, जादू है," ते नामदेवरावांना म्हणाले. "सील नवा, पॅकिंग नवा, फिर बी तेल. कैकू गिर रा, मेरी समझ में नईं आ रा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटचा उपाय काढला. मला रॉकेलने स्वच्छ धुतलं, कोरडं केलं आणि पद्मावतीबाईंकडून तोंडाला लावायची पावडर मागून घेतली. पेटीच्या खालच्या अंगाला, सगळ्या सांध्यांवर त्यांनी पावडर फुंकली. तेल नेमकं कुठून निघतं, ते पांढऱ्यावर ओघळ उमटला की कळेल. वरच्या, हळदीने माखलेल्या भागाला मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे हात लावला नाही. मग नामदेवराव पुढे आणि उस्ताद मागे बसून आम्ही गंडीपेठेला निघालो. मला चमेलीचा वास येत होता. कदाचित ही शेवटची फेरी, असं माझ्या मनात आलं. लंगरहौजच्या पुढे ढग उतरले होते, तलाव राखी रंगाचा झाला होता आणि सगळं जग स्वप्नात पाहिल्यासारखं मऊ दिसत होतं. निघताना पावडर कोरडी होती. मेहदीपट्टणमला कोरडी होती. तलावावर पोचून बघितली, तर दांडा जिथे पेटीत शिरतो, त्या नव्याकोऱ्या सीलच्या कडेने तपकिरी ओघळ उतरला होता.

संध्याकाळी पडवीत परत आलो, तेव्हा मी चांगलीच तापले होते. उस्तादांनी ओघळाकडे बोट दाखवलं. "ठंडी रहे तो एक बूंद नईं. गरम हुई की गिरना चालू. अंदर से कोई ढकल रा तेल कू. कौन ढकल रा, अल्ला जाने."

नामदेवराव पायरीवर बसले. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "छोडो उस्ताद. आपने बहुत किया. जाने दो अब उसको."

ते 'जाने दो' म्हणाले तेव्हा मला रडू आलं. पण फटफटीचं रडणं म्हणजे आणखी एक थेंब. तो ताटलीत पडला.

इतक्यात आतून पद्मावतीबाई कुरकुरत बाहेर आल्या. एका हातात लोणी-हळदीची वाटी होती. "दुपारपासून जीव खाल्ला त्या कुकरनं. पुरणाची डाळ लावली, तर शिट्टीच होईना, सगळी वाफ बाजूनं फुसफुस. म्हणलं रबर गेलं. नवं रबर घातलं, तरी तेच. शेवटी बघते, तर शिट्टीच्या नळीत डाळीचं साल अडकलेलं. सुईनं काढलं आणि लागली बघा शिट्ट्या द्यायला." ती सुई अजून त्यांच्या पदराला टोचलेली होती.

 त्या माझ्याजवळ वाकल्या. "आज आवतण घ्या," त्यांनी म्हटलं आणि बोटावर लोणी घेऊन वशिंडावर ठेवलं. त्यांचं बोट तिथेच थांबलं. 'उद्या जेवायला या' हे त्यांच्या तोंडून आलंच नाही.

"उस्ताद," त्यांनी हळूच विचारलं, "गरम झालं की गळतं म्हणलात ना?"

"हौ भाभी."

"आणि रबर नवं आहे?"

"एकदम नवा."

"मग हे वशिंड कशाचं टोपण आहे?"

उस्तादांनी वाकून बघितलं. "मालूम नईं भाभी. आपके पूजा की जगा है. इत्ते बरसां में मैं कबी हात नईं लगाया."

"आणि मी धुताना सोडत आलो," नामदेवराव म्हणाले. ते पायरीवरून उठले होते.

"आप इजाजत दिये तो देखतूं," उस्ताद म्हणाले.

"नको. माझ्या हातानं चढलंय, माझ्याच हातानं उतरू द्या."

पद्मावतीबाई खाली बसल्या आणि नखाने तो थर खरवडू लागल्या. वरची हळद पिवळी होती, त्याखालची तांबूस, त्याखालची काळी आणि दगडासारखी कडक. प्रत्येक थर म्हणजे एकेका पोळ्याची माया. रितेश टाकीवर बसायचा, त्या वर्षाचा थर त्यात होता. नामदेवराव निवृत्त झाले, त्या वर्षाचाही होता. उस्तादांनी पेट्रोलचं फडकं दिलं. घासता घासता पितळ चमकलं आणि त्या पितळेच्या कडेला, मुंगी जाईल न जाईल एवढं, एक बुजलेलं भोक दिसलं. बाईंनी पदराची सुई काढली, भोकात घातली आणि फिरवली.

आणि मी श्वास सोडला, मित्रांनो.

फुस्स्स करून तापलेली, कोंडलेली हवा माझ्यातून बाहेर आली, लांबच लांब. इतकी वर्षं पेटी तापली की आतली हवा फुगायची. तिला जायला वाट नसायची. मग ती तेलाला ढकलायची आणि तेल बिचारं सापडेल त्या फटीतून पळ काढायचं. सील बदलून काय होणार होतं? माझं नाकच बंद होतं. आणि मलासुद्धा ते कळलं नव्हतं, कारण चोंदलेलं नाक स्वतःचं स्वतःला कुठे दिसतं? नामदेवरावांनी तळहात पुढे केला होता. त्यावर तो ऊन वारा लागला आणि ते लहान पोरासारखे हसायला लागले.

पद्मावतीबाई मात्र रडायला लागल्या. "मीच दाबून धरलं की वो याचं नाक. माया माया म्हणून."

"खांदा इथं आहे असं मीच सांगितलं होतं तुला," नामदेवराव म्हणाले.

"और मैं?" उस्तादांनी कपाळावर हात मारला. "लोगां मेरे कू उस्ताद कतें!"

तिघंही मग हसत सुटले. डोळे पुसता पुसता हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. उस्तादांनी ब्रेक उघडून तेल पुसलं, सगळं कोरडं करून पुन्हा बसवलं आणि जाताना माझ्या टाकीवर थाप मारून गेले.

पोळ्याच्या सकाळी नामदेवरावांनी पद्मावतीबाईंना मागे बसवून मला गंडीपेठेला नेलं. पुतळीबावडीच्या उतारावर त्यांनी मुद्दाम ब्रेक दाबला आणि मी जिथल्या तिथे थांबले. परत येऊन त्यांनी माझ्याखाली वर्तमानपत्र पसरलं. दुपारी टेम्पो आला. प्रमोद उतरला, रितेश उतरला. रितेशने वाकून वर्तमानपत्र बघितलं, मग हातात घेऊन उलटं करून बघितलं. कागद कोरडा होता.

आता सगळं मिटलं, असं मला वाटलं. पण रितेश उभाच राहिला. "तेलाचं ठीक आहे, बाबा. पण मला भीती वाटते. तुम्ही या वयात, या ट्रॅफिकमध्ये... मला ऑफिसात कधी फोन आला ना, की छातीत धस्स होतं."  तेव्हा मला कळलं, की त्याला मी नको होते असं नाही. त्याला बाबा हवे होते.

पद्मावतीबाईंनी त्याच्या हाताला धरून खाली बसवलं आणि काल घडलेलं सगळं सांगितलं. मग ते पितळी टोपण दाखवलं. "बघ, मी काही वाईटासाठी केलं होतं का? मायेनंच केलं. पण मायेनं भोक बुजलं, आणि दोष गाडीला लागला. तू आम्हाला लिफ्ट दिलास, खुर्ची दिलास, लई केलास. एवढं एक भोक उघडं राहू दे बाबा."

 नामदेवराव त्याच्याजवळ आले. "ज्या दिवशी मला समोरचं नीट दिसणार नाही, त्या दिवशी किल्ली मीच तुझ्या हातात देईन. पण तू मागू नकोस."

 मग रितेश उठला आणि प्रमोदला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. टेम्पो रिकामा परत गेला. प्रमोद मात्र पुरणपोळी खाऊन आणि वर बांधून घेऊनच गेला.

आम्ही नव्या इमारतीत राहायला गेलो. सेक्रेटरी काही दिवस रोज वाकून माझ्याखाली बघत असे आणि मग त्याला कंटाळा आला. गुळगुळीत फरशीवर माझं प्रतिबिंब पडायचं आणि त्याच्याकडे बघत मला छान डुलकी लागायची. रविवारी गंडीपेठ चालूच राहिलं. नामदेवराव निघाले, की रितेश बाल्कनीत येऊन उभा राहायचा आणि परत येईपर्यंत आत जायचा नाही. पण त्याने किल्ली कधी मागितली नाही.

पुढे एका पोळ्याला, खांदेमळणीच्या संध्याकाळी, नामदेवराव माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या टाकीवरच्या पांढऱ्या रेघा शोधल्या. डोळ्यांनी नाही, बोटांनी. मग रितेशला हाक मारली आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "घे," एवढंच म्हणाले. कुणी ओढून घेतली नव्हती, त्यांनी आपणहून दिली होती. दुसऱ्या दिवशी रितेश मला चालवत होता आणि नामदेवराव मागे बसले होते. तलावावर दोघंही बांधावर जाऊन बसले.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या वस्तूंवर माया करा, जुन्या माणसांवर तर कराच. त्यांना पुसा, सजवा, गोडाचा घास लावा. पण त्यांचा श्वास कुठून येतो-जातो, ते आधी बघून घ्या आणि तेवढी जागा मोकळी ठेवा.

आमच्या घरी आता खांदेमळणीची रीत थोडी बदलली आहे. पद्मावतीबाई थकल्या आहेत, म्हणून वाटी रितेश धरतो. बाई पदराची सुई काढतात, चाचपडत ते पितळी भोक शोधतात आणि आधी ते साफ करतात. मग बाजूला, भोकापासून चांगलं हातभर लांब, लोणी-हळद चोळतात. आणि म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी येते. दरवर्षी येते.